रक्तातली ढाल, नाकाचं दार
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१० जानेवारी १८९७. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. मुंबईत तेव्हा माणसं प्लेगइतकीच सुईलाही भीत होती. अशा वेळी तरुण आगाखान, सुलतान महंमद शाह, यांनी आपल्या अनुयायांसमोर लस घेतली आणि हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १८९९ मध्ये ती परळला गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

लसीने असंख्य जीव वाचवले. पण गाठीच्या प्लेगशी ती जशी झुंजली, तशी श्वासातून फुप्फुसात शिरणाऱ्या प्लेगशी झुंजू शकली नाही. दंडात टोचल्यावर प्रतिपिंडं तयार होतात ती मुख्यतः रक्तात. शत्रू येतो नाकाच्या वाटेने. मग रक्तातली ही ढाल नाकापर्यंत पोचते का?

मेंढीकडे पाहिलं की हे छान उमगतं. पावसाळा सरला की घाटावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात. आमच्या कोलशेतला आता टॉवर झाले, पण भातखाचरात मेंढरं बसवायची रीत कोकणात अजून आहे. कोकराला आईच्या पोटात प्रतिपिंडं मिळत नाहीत, वार ती जाऊ देत नाही. जन्मल्यावर पहिल्या दिवसात चीक पोटात गेला, तरच ती आतड्यातून रक्तात उतरतात. धनगराला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही! पुढे रक्तातून ती थोडी थोडी नाकाच्या स्रावातही पाझरतात. अस्तर सुजलं तर जास्तच. पण नाकाची खरी राखण करणारी प्रतिपिंडं, 'आयजीए', अस्तराखालच्या पेशी जागच्या जागीच बनवतात. पाझर आणि पहारा, दोन्ही वेगळे.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यावर नाकात फवारायची लस आणली. सप्टेंबर २०२२ मध्ये करोनावरच्या अशाच भारतीय लसीला मंजुरी मिळाली. तरीही बहुतेक लसी अजून दंडातच टोचतात. रक्तातली प्रतिपिंडं मोजणं सोपं. नाकातली मोजणं अवघड, टिकवणं त्याहून अवघड.