मागणीवरची चित्रे

अजिंठ्याच्या ज्या डोंगररांगेत जगद्विख्यात भित्तिचित्रे आहेत, त्याच रांगेवर बुलढाणा शहर वसले आहे. तरीही या जिल्ह्यातील सामान्य कुटुंबाने विसाव्या शतकात चित्रकला पाहिली ती लेण्यांत नव्हे, तर मासिकाच्या मुखपृष्ठावर. चित्रप्रदर्शने मुंबईत भरत. चिखली-मेहकरच्या वाचकाला त्यांची वार्ता मिळाली तर वर्तमानपत्रातून मिळे. परंतु दिवाळी अंकातील रंगीत चित्र मात्र त्याच्या ओसरीवर येऊन पोहोचे, हातोहात फिरे, आणि पुष्कळदा कापून, चौकटीत बसवून भिंतीवर लावले जाई. ज्या कलेने एवढ्या मोठ्या समाजाची दृष्टी घडवली, तिचा इतिहास आपण जपला आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

या कलेचा उगम शोधू लागलो, तर मासिक आणि रेल्वे या दोहोंकडे पाहावे लागते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. मराठी दिवाळी अंकांची परंपरा येथून मोजली जाते. मुंबई-नागपूर लोहमार्गावर मलकापूर, नांदुरा, जलंब आणि शेगाव ही आपल्या जिल्ह्यातील स्थानके आहेत. जलंबहून खामगावच्या कापूस बाजाराला जोडणारा फाटा १८७० मध्येच सुरू झाला होता. कापसाच्या गाठी ज्या रुळांवरून मुंबईस गेल्या, त्याच रुळांवरून छापील मुंबई वऱ्हाडात आली. बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे रुळांपासून दूर. तिथवरचा पुढचा प्रवास रस्त्याचा.

मासिकासाठी चित्र काढून घेणे ही गोष्ट त्या काळी मोठ्या खर्चाची होती. चित्राचे छायाचित्र बारीक रेषांच्या जाळीतून घेत, त्याचे ठिपक्यांत रूपांतर करीत आणि धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून ठसा तयार करीत. यालाच 'ब्लॉक' म्हणत. रंगीत चित्रासाठी पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन वेगवेगळे ठसे लागत, बहुधा चौथा काळाही. प्रत्येक ठसा आधीच्या छापावर अचूक बसला नाही, तर चेहरा एकीकडे आणि ओठांचा रंग दुसरीकडे अशी गत होई. म्हणून रंगीत पाने मोजकी असत आणि ती गुळगुळीत आर्ट पेपरवर छापली जात. कथेबरोबरची चित्रे केवळ काळ्या रेषांची. रेषेच्या ठशात करडी छटा उमटत नाही. सावली दाखवायची तर रेषाच दाट करावी लागते. मराठी कथाचित्रांतील रेषेला जे सामर्थ्य आले, त्यामागे ही काटकसरही होती.

नामांकित चित्रकाराकडे अशा चित्रांची मागणी नोंदवणारे संपादक आपल्याकडे प्रारंभापासून होते. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी, पुढे तेथेच शिक्षक झाले व अखेरीस त्या संस्थेच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले. अशा मान्यवर चित्रकाराने पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रे काढण्यात कमीपणा मानला नाही. हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये मुंबईत 'वीसमी सदी' हे गुजराती सचित्र मासिक काढले, त्यातही धुरंधरांची चित्रे आली. चित्रांच्या सौंदर्यापुढे खर्चाचा हिशेब न पाहणारा हा संपादक कर्जाच्या ओझ्याखाली १९२१ मध्ये निवर्तला आणि मासिकही थांबले. सुंदर पान छापणे आणि पान छापून तगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा पुढील पिढीने त्यातून घेतला असावा.

त्या पिढीतील दोन नावे मराठी घरांत आजही आदराने घेतली जातात. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) हे दोघेही मूळचे गोव्याचे, दोघांची कर्मभूमी मुंबई. दलाल कलाशाळेत शिकलेले. कथाचित्रे, पुस्तकांची वेष्टने, दिनदर्शिका, काव्य आणि पुराणांवरील चित्रे असा त्यांचा व्याप होता. मुळगावकरांनी देवादिकांची चित्रे काढली, तशीच बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही रंगवली. एकच कुंचला सकाळी रामपंचायतन आणि सायंकाळी पिस्तूलधारी नायक रंगवीत असे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती फारशी ठरणार नाही.

येथे एक महत्त्वाची घटना नोंदवली पाहिजे. दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा अंक स्वतःच सुरू केला. मुळगावकरांनीही 'रत्नप्रभा' आणि 'रत्नदीप' हे अंक काढले. मागणी नोंदवणारा आणि मागणी पुरवणारा यांतील अंतर त्यांनी असे मिटवले. चित्र कथेच्या मागून चालणारा चाकर न राहता अंकाचा यजमान झाले. तथापि संपादकाच्या जागी वाचक आला, इतकेच. अंक खपला पाहिजे हे बंधन मालक झाल्याने सुटत नाही.

कॅथलिक वाचकांना तिसरे नाव जवळचे आहे. मारिओ मिरांडा (१९२६–२०११) यांचा जन्म दमणचा, घर लोटली गावचे, शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील. 'इलस्ट्रेटेड वीकली'सारख्या इंग्रजी साप्ताहिकातून त्यांनी गोव्याची गल्ली, लग्नाची मिरवणूक, पाद्री, पाववाला आणि कुत्रीमांजरे यांनी गजबजलेले एक जग उभे केले. ते साप्ताहिक १९९३ मध्ये बंद पडले. चित्रांतील माणसे मात्र अजून बोलतात.

'पण ही तर धंद्यासाठी काढलेली चित्रे', असा आक्षेप कलेचे जाणकार घेत आले आहेत. या आक्षेपाने आपण ख्रिस्ती लोकांनी तरी फार विचलित होऊ नये. सिस्टाइन प्रार्थनामंदिराचे छत मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगवले, ते पोप दुसरे ज्युलियस यांच्या सांगण्यावरून आणि ठरलेल्या मोबदल्यावर. मध्ययुगातील मठवासीयांची सोनेरी हस्तलिखितेही कोणाच्या तरी मागणीवरच सजली. मागणी ही कलेची वैरीण नव्हे. खरा प्रश्न असा की, मागणाऱ्याने काय मागितले?

आणि या प्रश्नाचे उत्तर सर्वस्वी समाधानकारक नाही, हेही मान्य केले पाहिजे. मुखपृष्ठावर बहुधा गोरी, रेखीव, निवांत युवतीच हवी असे. बुलढाणा जिल्ह्याच्या काळ्या मातीत कापूस वेचणारी, उन्हाने रापलेली, कमरेला ओटी बांधलेली बाई हीदेखील या अंकांच्या मुलखातीलच होती. तिला मुखपृष्ठावर क्वचित स्थान मिळाले. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची कविता येथून निघून साऱ्या महाराष्ट्रात पोहोचली. येथील चेहरा मात्र त्या वेगाने चित्रात गेला नाही. दोष एकट्या चित्रकाराचा नव्हे. तो संपादकाचा आहे, आणि तसाच अंक विकत घेणाऱ्या आपलाही आहे.

आता या चित्रांच्या पुढील प्रवासाविषयी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतले आणि तसा वेगळा करार नसेल, तर स्वामित्वहक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. मात्र हक्क विकला तरी 'हे चित्र माझे आहे' असे सांगण्याचा अधिकार त्याच कायद्याने चित्रकाराकडेच ठेवला आहे. पैसा आणि नाव या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या केल्या, यात मोठे शहाणपण आहे. हक्काची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणजे दलालांच्या कृतींसाठी ती २०३१ अखेर संपेल.

परंतु मुदत संपेपर्यंत चित्रे उरली पाहिजेत ना! मूळ चित्र छापखान्यात गेले की पुष्कळदा परतत नसे. छापील प्रत हाच त्याचा अखेरचा आधार. आणि ग्रंथालयांत मासिकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत सर्रास होती. कथा राहिली, चित्र रद्दीत गेले. सूचीतही लेखकाचे नाव येते, चित्रकाराचे येत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर गावोगावी वाचनालयांना अनुदान मिळू लागले. त्या कपाटांत आजही कोठे कोठे वेष्टनासह जुने अंक असतील.

आपल्या जिल्ह्यातील वाचनालयांनी, शाळांनी आणि धर्मग्रामांनी एवढे तरी करावे: जुना अंक रद्दीत घालण्यापूर्वी उघडून पाहावा, मुखपृष्ठ फाडू नये आणि नोंदवहीत लेखकाच्या नावाशेजारी चित्रकाराचेही नाव लिहावे. चित्राच्या कोपऱ्यातील सही बारीक असते. वाचायला थोडा उजेड लागतो, इतकेच. ज्याने पोटासाठी काम केले आणि तरीही ते मन लावून केले, त्याचे नाव नोंदवणे हा उपकार नव्हे. ते आपले देणे आहे.