शिंदीच्या झाडावरचा कर

रस्त्याकडेचा कडुलिंब तोडायला ठेकेदाराची माणसं आली की भांडायला नुसता आवाज पुरत नाही, हातात कलम लागतं. वकिलांच्या कचेरीत महसुली दाव्यांचे कागद लिहिण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यातलं ४२ वं कलम मला पाठ आहे. सरकारनं लावून वाढवलेली रस्त्याकडेची झाडं सरकारची. झाड वाळलं, वाऱ्यानं पडलं किंवा कलेक्टरच्या हुकमानं तोडलं, तर लाकूड शेजारच्याचं नव्हे, ज्याच्या जमिनीत ते उभं होतं त्या धारकाचं. फळंही त्याची, छाटलेल्या फांद्याही त्याच्याच. पण कलेक्टरच्या हुकमाशिवाय फांदीला कोयता लावायचा नाही. सावली टिकावी आणि ज्याच्या जमिनीत झाड आहे त्यालाही काही मिळावं, असा विचार करणारं हे कलम मला फार शहाणपणाचं वाटतं.

बाकी त्या काळच्या सरकारची नजर लाकडावर आणि महसुलावर. १८६५ च्या जमीन मोजणीच्या कायद्याआधी जमाबंदी झालेल्या गावांत बाकीची झाडं कब्जेदाराला सोडली, तरी साग, शिसव आणि चंदन त्या सवलतीतून वगळले. आणि सुरत जिल्ह्यात खरा पैसा होता तो शिंदीत. इथे तिला खजुरी म्हणतात. १८७८ च्या अबकारी कायद्यानं ताडी काढायच्या झाडागणिक कर बसवला. ज्याच्या बांधावर झाड, त्यालाही परवान्याशिवाय रस काढता येईना. आदिवासी घरांत तो रस रोजच्या पोटाचा भाग होता.

याचा शेवट काय झाला? ६ एप्रिल १९३० ला दांडीला मीठ उचललं गेलं. दांडी तेव्हा सुरत जिल्ह्यात होती. पुढच्या आठवड्यांत गांधीजींनी त्याच भागात ताडीची झाडं तोडायचं आवाहन केलं आणि गावोगावी कुऱ्हाडी चालल्या. हजारो झाडं पडली. दारूबंदीचा हेतू मी मानतो, तरीही ती झाडं गेल्याचं मला वाईट वाटतं. दोष मी कुऱ्हाडीला देत नाही. ज्या झाडातून सरकारला कर आणि दारूच्या ठेकेदाराला नफा, त्याची माया गावाला कशी वाटावी?

१ मे १९६० पर्यंत आमचं खानदेश आणि सुरत एकाच राज्यात होते; राज्य वेगळं झालं तसे झाडांचे कायदेही वेगळे झाले. नंतर महाराष्ट्रानं १९७५ मध्ये शहरांतल्या झाडांसाठी वेगळा कायदा केला: वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, दर पाच वर्षांनी झाडांची गणना. सुरतेच्या वाट्याला आला सौराष्ट्राचा १९५१ चा वृक्षतोडीचा कायदा, जो मुळात काठियावाडासाठी लिहिलेला. त्याच्या नावातच शिक्षा आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा ही तेव्हाची शेतं. तिथे पुढे यंत्रमाग आले, चाळी आल्या आणि आमच्या खानदेशातली हजारो माणसं आली. या वस्त्यांना तोडणाऱ्याच्या दंडाइतकीच गरज आहे ती उभ्या झाडांच्या मोजणीची.

१८७९ चा कायदा गुजरातेत अजून लागू आहे, नावात फक्त मुंबईच्या जागी गुजरात आलं. तेव्हा उधन्या-लिंबायतच्या माझ्या मराठी शेजाऱ्यांनो, करवत घेऊन कुणी आलं तर आधी लेखी हुकूम मागा, त्यावरची तारीख आणि सही वाचा, आणि हुकूम नसेल तर त्याच दिवशी मामलतदार कचेरीत अर्ज द्या.