हुबेहूब माणूस आणि आपली नजर

आजचा विषय आहे पडद्यावरची संगणकानं घडवलेली माणसं आणि ती पाहून आपल्याला येणारा शहारा.

१९७० साली जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी एक निरीक्षण मांडलं. यंत्र जितकं माणसासारखं दिसेल तितकं ते आवडत जातं, पण हुबेहूब होण्याच्या जरा अलीकडे ते एकदम भेसूर वाटू लागतं. या घसरणीला त्यांनी 'दरी' म्हटलं.

पिक्सारच्या १९८८ च्या 'टिन टॉय' या लघुपटाला ऑस्कर मिळालं, पण त्यातलं बाळ बघून बऱ्याच जणांना भीतीच वाटली. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'त नायकच खेळणी होती. प्लास्टिक प्लास्टिकसारखं दिसलं, मग तक्रार कोण करणार?

२००१ मध्ये 'फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन'नं थेट दरीत उडी घेतली. नायिका आकी रॉसच्या डोक्यावर सुमारे ६०,००० केस होते! खर्च सुमारे १३.७ कोटी डॉलर, कमाई साधारण ८.५ कोटी. कथाही गुंतागुंतीची होती, पण चेहऱ्यांतला थंडपणा लोकांना खटकलाच. पुढे तो स्टुडिओ बंद पडला.

नोव्हेंबर २००४ मध्ये तर जणू प्रयोगच झाला. एकाच महिन्यात दोन सिनेमे आले. 'द इन्क्रेडिबल्स'मधली माणसं चक्क व्यंगचित्रं होती, ती लोकांनी आपलीशी केली. 'द पोलर एक्सप्रेस'मध्ये टॉम हँक्सच्या खऱ्या हालचाली टिपल्या होत्या, तरी डोळे निर्जीव वाटतात अशी टीका झाली. चेहऱ्यावर ठिपके चिकटवता येतात हो, बुबुळावर कसे चिकटवणार?

२०१६ च्या 'रोग वन'मध्ये पीटर कुशिंग पुन्हा दिसले. ते १९९४ मध्येच वारले होते. अभिनय गाय हेन्री यांचा, वर चेहरा कुशिंग यांचा, तोही वारसांच्या संमतीनं. काहींना ते खटकलं, काहींच्या लक्षातही आलं नाही.

मला इथेच थांबावंसं वाटतं. माझ्यासारखे इंजिनिअर त्या शहाऱ्याला बग समजून दुरुस्त करत बसतात. पण 'हा माणूस खरा नाही' हे प्रेक्षकाला सांगणारी तीच तर एक खूण होती. ती पुसली गेली, की कोणाचा चेहरा कोणाच्या परवानगीनं वापरलाय हे नजरेला कळणार नाही. ते कायद्यानं बांधून घ्यावं लागेल, श्रेयनामावलीत स्पष्ट लिहावं लागेल.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!