मिशन वस्तीतल्या भिंती

आज आपण अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात, मिशन नावाच्या वस्तीत जाणार आहोत. तिथं स्पॅनिश बोलणारी कष्टकरी कुटुंबं दाटीनं राहायची. मेक्सिकन वंशाच्या माणसांना हिणवून ‘चिकानो’ म्हटलं जाई. १९६०च्या दशकात तरुणांनी तोच शब्द अभिमानानं स्वतःला लावून घेतला. मोठ्या कलादालनांत यांना कोण विचारणार? म्हणून १९७० मध्ये वस्तीतल्या चित्रकारांनी ‘गॅलेरिया दे ला रासा’ हे स्वतःचं दालन काढलं. आणि भिंती तर होत्याच.

पण भिंतींवर रंगवणारे बहुतेक पुरुष. उगारलेल्या मुठी, बंदुका, क्रांतीचे नेते. अशात पॅट्रिशिया रॉड्रिगेझ, ग्रासिएला कारिओ, आयरीन पेरेझ आणि व्हेनेझुएलाहून आलेली कॉन्सुएलो मेंडेझ अशा चौघी एकत्र आल्या. नाव घेतलं ‘मुहेरेस मुरालिस्तास’, म्हणजे भिंती रंगवणाऱ्या बायका. १९७४ मध्ये मिशन रस्त्यावर त्यांनी ‘लातिनोअमेरिका’ हे भलंमोठं चित्र काढलं. परांचीवर बायका चढलेल्या पाहून लोक थबकत. चित्रात कुटुंब होतं, मका होता, लामा होते. यात राजकारण कुठं आहे, अशी टीका झाली.

आम्हाला विचाराल, तर राजकारण तिथंच होतं. त्याच वर्षी जवळ मॅक्डॉनल्ड्स येणार म्हणून चोवीसाव्या रस्त्यावरच्या एका टाकोवाल्यानं धास्तीनं त्यांना बोलावलं. टाको म्हणजे मक्याच्या भाकरीत गुंडाळलेलं कालवण. गटानं त्याच्या भिंतीवर बाजार रंगवला: अन्न पिकवणारे, वाहणारे, रांधणारे हात. गिऱ्हाइकांना आपली चूल दाखवणं, याहून थेट उत्तर ते काय असणार!

पुढं काही वर्षांतच गट पांगला. ती दोन्ही चित्रं आज उरलेली नाहीत. भिंत दुसऱ्याची, तिच्यावर हक्क कसला?

पण १९९४ मध्ये त्याच वस्तीतल्या ‘विमेन्स बिल्डिंग’ या चार मजली इमारतीवर सातजणींनी ‘मायेस्ट्रापीस’ हे चित्र पुरं केलं. त्यांत आयरीन पेरेझ होती, आणि मीरा देसाईही. हे नाव वाचून आमचे कान टवकारलेच! २०१२ मध्ये त्याचे रंग पुन्हा उजळले. गॅलेरियाला मात्र २०१८ मध्ये भाड्यापायी चोवीसाव्या रस्त्यावरची जुनी जागा सोडावी लागली.