विद्युत बससेवा, महाराष्ट्रातील

सार्वजनिक प्रवासी वाहतुकीतील डिझेल व सीएनजी बसच्या जागी बॅटरीवर चालणाऱ्या बस आणण्याची महाराष्ट्रातील प्रक्रिया. मुंबईतील बेस्ट, पुण्यातील पीएमपीएमएल आणि राज्य मार्ग परिवहन महामंडळ (एसटी) या तीन संस्थांनी ती प्रामुख्याने राबवली आहे. नवी गाडी रस्त्यावर आली की बातमी होते; पण ताफा बदलायचा तर आगार, वीजजोडणी, फेऱ्यांचे वेळापत्रक आणि चालकाची नेमणूक हे सगळेच बदलावे लागते, आणि रखडते ते तिथेच.

विजेवरची प्रवासी वाहतूक मुंबईला नवी नाही. विजेची ट्राम १९०७ ते १९६४ या काळात धावली आणि १९६२ ते १९७१ या काळात तारेवरून वीज घेणाऱ्या ट्रॉलीबसही होत्या. बॅटरीवरच्या बस बेस्टकडे आल्या त्या २०१७ च्या अखेरीस, मोजक्याच. पुण्यात ९ फेब्रुवारी २०१९ रोजी २५ बसपासून सुरुवात झाली. भेकराईनगर आणि निगडी येथे त्यांच्यासाठी चार्जिंगची आगारे उभारली गेली. एसटीने आपल्या ‘शिवाई’ या विद्युत बससाठी निवडलेला दिवस आणि मार्ग दोन्ही अर्थपूर्ण होते. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली होती. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी शिवाई धावू लागली. २०२३ मध्ये एसटीची विद्युत ई-शिवनेरी सुरू झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेस्टची वातानुकूलित विद्युत डबलडेकर प्रवाशांच्या सेवेत आली आणि सप्टेंबरात जुन्या डिझेल डबलडेकरने मुंबईचा निरोप घेतला.

आगार व वीज : वातानुकूलित मोठ्या बसला किलोमीटरमागे साधारण १ ते १.५ युनिट वीज लागते. दिवसाला २०० किलोमीटर धावणाऱ्या ५० बसच्या आगाराला म्हणजे रोज १० ते १५ हजार युनिट हवेत. बस रात्रीच आगारात उभ्या असतात. सहा तासांत एवढी वीज भरायची तर सुमारे दोन हजार किलोवॅटचा भार सलग पेलावा लागतो. डिझेलच्या आगाराला पंप, दिवे आणि कार्यशाळेपुरती वीज पुरत असे. आता उच्चदाब वाहिनी, रोहित्रे आणि त्यांच्यासाठी मोकळी जागा लागते, आणि शहरातल्या आगारात जागाच दुर्मीळ असते. सगळ्या बस एकदम जोडल्या तर वीजबिलातील कमाल मागणीचा आकार वाढतो, म्हणून कोणती बस कधी जोडायची याचेही वेळापत्रक करावे लागते. सौर वीज मुबलक असते दुपारी, तेव्हा बहुतेक बस रस्त्यावर असतात. बेस्ट ही मुंबई शहर विभागात स्वतःच वीज वितरित करते. ही सोय एसटीला नाही.

घाट : चढावर बसची मोटर किती वीज ओढते, हा महाराष्ट्रात कळीचा प्रश्न आहे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर चढ आहे. १७ टन वजनाची भरलेली बस तेवढी वर नेण्यास केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २५ युनिट ऊर्जा खर्च होते. हवेचा व टायरांचा अवरोध आणि वातानुकूलन यांचा खर्च वेगळा. उतरताना मोटरच जनित्राचे काम करते आणि चढताना खर्चलेल्या ऊर्जेतील काही वाटा बॅटरीत परत येतो, शिवाय ब्रेकची झीज कमी होते. मात्र घाटमाथ्यावरच बॅटरी पूर्ण भरून खाली निघालेल्या बसला ही ऊर्जा साठवायला जागा उरत नाही. चार्जिंगचे ठिकाण निवडताना हे लक्षात घ्यावे लागते.

करार : बहुतेक विद्युत बस महामंडळांच्या मालकीच्या नाहीत. बस, तिची देखभाल आणि चालक पुरवठादार कंपनीचा. मार्ग, तिकीटदर आणि प्रवासी उत्पन्न महामंडळाचे. कंपनीला किलोमीटरमागे ठरलेला दर. केंद्राच्या ‘फेम-२’ योजनेने (२०१९) बॅटरीच्या क्षमतेनुसार अनुदान देऊन ही पद्धत रुजवली. २०२२ मध्ये देशातील पाच शहरांसाठी ५,४५० बसची एकत्र निविदा निघाली, तेव्हा १२ मीटर बसचा दर किलोमीटरला ४३.४९ रुपयांपर्यंत उतरला. मोठ्या भांडवली खर्चातून महामंडळाची सुटका होते, हा या पद्धतीचा खरा फायदा. पण बस रिकामी धावली तरी पैसे द्यावे लागतात, आणि महामंडळांकडून पैसे वेळेवर मिळतील याची बँकांना खात्री नसते. त्यासाठी केंद्राने २०२४ मध्ये ३,४३५ कोटी रुपयांची देयक-सुरक्षा योजना मंजूर केली. एसटीने २०२३ मध्ये ५,१५० बस भाड्याने घेण्याचा करार केला, पण पुरवठा वेळापत्रकाच्या बराच मागे राहिला.

चालक व कामगार : विद्युत बसला क्लच नाही, गिअर बदलणे नाही, पायाखालचा पेडल दाबताच पूर्ण जोर मिळतो. वर्षानुवर्षे डिझेल गाडी चालवलेल्या हाता-पायांना हे नव्याने शिकावे लागते. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईतील कुर्ल्यात भाडेतत्त्वावरील विद्युत बसच्या अपघातात अनेकांचे प्राण गेले आणि कंत्राटी चालकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न ऐरणीवर आला. काही दिवसांच्या सरावावर कोणाच्याही हाती अशी बस देणे गैर आहे. दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील एसटीच्या कार्यशाळांत पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले कारागीरही या करारांच्या बाहेर राहतात. बॅटरी आणि उच्चदाब यंत्रणेचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही, तर करार संपेल त्या दिवशी महामंडळाकडे ना बस असेल, ना ती दुरुस्त करणारा माणूस.

ग्रामीण सेवा : शहरातली बस रात्री आगारात परतते. एसटीची मुक्कामी गाडी संध्याकाळी शेवटच्या गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी शाळेची मुले, दूध आणि बाजारकरी घेऊन तालुक्याला येते. तिच्या मुक्कामी चार्जर नाही, आणि एका गाडीसाठी तो बसवणे आजच्या हिशेबात बसत नाही. त्यामुळे विद्युत बस आधी पुणे-मुंबईसारख्या भरल्या मार्गांवर आल्या, गावाकडे डिझेलची जुनी गाडीच राहिली. तालुक्याच्या स्थानकावर दुपारच्या थांब्यात चार्जिंगची सोय केली, तर बऱ्याच मुक्कामी गाड्या बदलता येतील. एका मुक्कामी गाडीचे रोजचे अंतर पुष्कळदा आजच्या बॅटरीच्या आवाक्यातले असते. एसटीची सुमारे अडीचशे आगारे आहेत. नव्या बसचा आकडा जाहीर करताना त्यांपैकी किती आगारांची उच्चदाब जोडणी पूर्ण झाली, हाही आकडा शासनाने दरवर्षी जाहीर करावा.