हालींच्या चार शाळा

उर्दूच्या वर्गात मौलाना अल्ताफ हुसैन हाली यांचे नाव निघाले की आम्ही शिक्षक मुलांना ठरावीक गोष्टी सांगतो. जन्म १८३७, पानिपत. ‘मुसद्दस’ १८७९. निधन १९१४. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण हा माणूस लिहायला कसा शिकला, हे सांगायचे राहून जाते. लेखन शिकून येते की ती निव्वळ अल्लाहची देणगी असते, हा वाद जुना आहे. त्यात हालींची साक्ष मोलाची, कारण आपण कसे घडलो हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. थोडे आपल्या छोट्या आत्मवृत्तात, थोडे ‘मुसद्दस’च्या प्रस्तावनेत.

वडील गेले तेव्हा हाली नऊ वर्षांचे होते. कुराण मुखोद्गत झाले, अरबी-फारसीची गोडी लागली. सतराव्या वर्षी घरच्यांनी लग्न करून दिले. आता शिक्षण संपले, या धास्तीने ते कोणाला न सांगता दिल्लीला निघून गेले आणि हुसैन बख्श यांच्या मदरशात शिकू लागले. त्याच शहरात दिल्ली कॉलेज भरात होते. डेप्युटी नझीर अहमद आणि मुहम्मद हुसैन आझाद हे पुढचे मोठे लेखक तिथलेच विद्यार्थी. हाली मात्र तिकडे फिरकलेही नाहीत. मदरशातली मंडळी इंग्रजी शाळांना अज्ञानाची घरे समजत, अशी नोंद त्यांनी पुढे केली आहे.

त्यांची पहिली खरी शाळा म्हणजे मिर्झा गालिब यांचे घर. न उमगलेल्या शेरांचे अर्थ ते गालिबना विचारत. आपले काही फारसी कसीदेही गालिबनी त्यांना शिकवले. शायरी कर, असा सल्ला गालिब सहसा कोणाला देत नसत. या मुलाला मात्र त्यांनी सांगितले की तू लिहिले नाहीस तर स्वतःच्या स्वभावावर जुलूम करशील.

या शिकवण्याला उर्दूत ‘इस्लाह’ म्हणतात. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. शागिर्दाने गझल पुढे ठेवायची, उस्तादाने एखादा शब्द खोडून दुसरा घालायचा. कारण दर वेळी सांगितले जाईलच असे नाही. तो शब्द का गेला, हे शागिर्दाने आपल्या कानाने शोधायचे. गालिब तर हे काम टपालानेही करत. सिकंदराबादच्या मुन्शी हरगोपाल तफ्ता यांना त्यांनी लिहिलेली पत्रे प्रसिद्धच आहेत.

दुसरी शाळा जहांगीराबादची. १८५७ च्या उत्पातानंतर काही वर्षांनी हाली नवाब मुस्तफा खान शेफ्ता यांच्या मुलांचे शिक्षक झाले आणि सात-आठ वर्षे त्यांच्या सहवासात राहिले. हाली स्पष्टच सांगतात की इस्लाह गालिबची घेतली, पण खरा लाभ शेफ्तांच्या संगतीत झाला. शेफ्तांना अतिशयोक्ती खपत नसे. साधी, खरी गोष्ट सुंदर करून सांगणे हीच त्यांच्या लेखी शायरी. इथे शिकवायला गेलेला मास्तरच शिकून बाहेर पडला.

१८६९ साली गालिब गेले, शेफ्ताही गेले. मग नोकरीसाठी लाहोर. सरकारी बुक डेपोत इंग्रजीतून उर्दूत आलेल्या भाषांतरांची भाषा तपासण्याचे काम हालींकडे आले. ही तिसरी शाळा. हालींना इंग्रजी फारसे येत नव्हते. तरी चार वर्षे दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त करता करता त्यांचा स्वतःचा कान बदलला. फारसी वळणाच्या अलंकारांचे प्रेम ओसरू लागले.

चौथी शाळा तिथलीच. १८७४ मध्ये शिक्षण संचालक कर्नल हॉलरॉइड यांच्या पाठबळाने आझाद यांनी नव्या तऱ्हेचे मुशायरे सुरू केले. जुन्या मुशायऱ्यात एक मिसरा दिला जाई आणि त्या जमिनीत गझल लिहायची असे. इथे विषय दिला जाऊ लागला, अगदी शाळेतल्या निबंधासारखा. पावसाळा, आशा, देशप्रेम, दया आणि न्याय. या विषयांवर हालींनी चार मस्नव्या लिहिल्या. सदतिसाव्या वर्षी नावाजलेला शायर पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसला! त्याच साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर या शाळामास्तरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, हा योगायोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पाच वर्षांनी ‘मुसद्दस’ आली. प्रस्तावनेत हालींनी मागे वळून पाहिले आणि स्वतःला घाण्याच्या बैलाची उपमा दिली. वीस वर्षे त्याच वर्तुळात फिरलो, वाटले सगळे जग पालथे घातले. डोळे उघडले तर जिथून निघालो तिथेच उभे. स्वतःच्या लेखनाविषयी इतके परखड त्या काळी किती जणांनी लिहिले असेल?

तरी या उपमेवर आमचा थोडा आक्षेप आहे. ‘मुसद्दस’मधली सफाई, शब्दाला शब्द बसवण्याची हातोटी त्या वीस वर्षांतच कमावलेली होती. लाहोरच्या नव्या धड्यामागे सरकारी हेतूही होता. शाळेच्या पुस्तकांत घालण्याजोग्या कविता हव्या होत्या. इंग्रजी विचारांनी हाली दिपले, जुन्या गझलेशी काही वेळा कठोर वागले, हेही खरे. पण गुरूला ते विसरले नाहीत. १८९३ च्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’त त्यांनी कवितेकडे साधेपणा, खरेपणा आणि आवेश मागितला, आणि शायराने शब्दांचा कसून शोध घ्यावा असेही सांगितले. ही शेवटची अट जुन्या इस्लाहच्या परंपरेतलीच म्हणायची. पुढे १८९७ मध्ये ‘यादगार-ए-गालिब’ लिहून त्यांनी उस्तादाचे ऋण फेडले.

हा इतिहास आज सांगावासा वाटतो, कारण आमच्यापैकी अनेक जण उर्दूत शिकले आणि मराठीत लिहितात. आमच्या मराठीत कोणी चूक काढली की केवळ शब्दावर बोट ठेवले असे वाटत नाही, या भाषेवरचा आमचा हक्कच नाकारला असे वाटते. कधी कधी तसे असतेही. हिणवण्यासाठी चूक काढणारे सगळीकडे भेटतात. पण चूक काढणारा प्रत्येक जण तसा नसतो. हिणवणारा चूक दाखवून थांबतो. उस्ताद खोडलेल्या शब्दाच्या जागी दुसरा ठेवतो आणि पुढची गझल घेऊन ये म्हणतो. हालींना असे उस्ताद मिळाले आणि त्यांच्यासमोर कागद ठेवण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. आमच्या वर्गातल्या वह्यांवर लाल शाईने नुसती खूण न करता तिथे एखादा पर्यायी शब्द लिहिला, तर इस्लाहची ही परंपरा उर्दूत टिकेल आणि मराठीतही रुजेल.