लाडबोरीची कडी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत माणसाहून मोठी धातूची कडी आदळली. पवनपारला पोकळ गोळा सापडला. असे गोळे म्हणजे रॉकेटमधल्या दाबाखालच्या वायूच्या टाक्या. हे तुकडे चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असं अभ्यासकांचं मत. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन अवशेष तपासले.

मी मुलचेऱ्यात विज्ञान शिकवतो. मुलं विचारतात, ‘सर, टप्पे सुटतात कसे?’ बिजागऱ्या, स्प्रिंगा, खटके. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा विद्यापीठात याच यंत्रणांवर पहिली परिषद भरली. वर गेल्यावर दुरुस्तीला कोणी नसतं, म्हणून एकेका खटक्यावर अशा परिषदांत खल होतो. तो व्हावाच, पण टप्पा सुटल्यावर तो कुणाच्या शेतात पडेल, हा प्रश्नही त्याच टेबलावर यायला हवा.